रॉबिन विल्यम्सचे शेवटचे दहा महिने : एक प्रकरण अभ्यास

हॉलिवूडचा विनोदी नट रॉबिन विल्यम्स गेल्याची बातमी आपल्याकडे १२ ऑगस्ट २०१४ च्या सकाळी आली, तिकडे कॅलिफोर्नियात तेव्हा ११ तारीखच चालू होती. मी स्वारगेटहून बसमध्ये चढले होते, कुणीतरी ग्रुपवर अल्लादीनमधल्या निळ्या जिनीचा, ज्याला त्याने आवाज दिला होता, फोटो टाकला आणि मला वाटलं वाढदिवस असेल त्याचा, मग खालचे मेसेज वाचले. वय ६३. आत्महत्या. दुपारपर्यंत सगळीकडे एकच वाक्य फिरत होतं, जगाला हसवणारा माणूस आतून रडत होता. मीही तेच वाक्य पुढे पाठवलं दोनचार जणांना. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्ये गेला तेव्हाही आमच्या घरात असलंच काहीतरी बोलणं झालेलं आठवतंय, आणि तो तर किडनीच्या आजाराने गेला होता. विनोदी नट गेला की हे वाक्य आपल्या तोंडात आपोआप येतं.

पुढे काही वर्षांनी आमच्या मामांना मेंदूचा जो आजार निघाला त्याचं नाव लुई बॉडी डिमेन्शिया. नाव पहिल्यांदा ऐकलं, घरी येऊन शोधलं, तर पहिल्या दोन मिनिटांत रॉबिन विल्यम्सचा फोटो समोर. तेव्हापासून हे प्रकरण मी जमेल तसं वाचत आलेय, त्याच्या बायकोने लिहिलेला लेख, त्याच्यावरचं चरित्र, डॉक्टरांनी नंतर सांगितलेलं, आणि माझं ठाम मत झालंय की त्या फिरणाऱ्या वाक्याने या माणसावर अन्याय केला. म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. विषय आत्महत्येचा आहे, कुणाला आत्ता वाचणं झेपणार नसेल तर नंतर वाचा, आणि मनात तसले विचार येत असतील तर आधी १४४१६ ला फोन करा, टेली मानस आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

आधी माणूस कोण होता ते थोडक्यात, कारण नव्या पोरांना फक्त जुमांजी माहीत असतो. जन्म शिकागो, २१ जुलै १९५१. वडील फोर्ड कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, घर मोठं आणि पोरगा एकटा, खेळण्यातल्या सैनिकांशी आवाज काढून बोलणारा. आईला हसवायचं हा त्याचा पहिला प्रयोग असं तो स्वतःच सांगायचा. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलियार्डमध्ये नाटक शिकायला गेला, तिथे क्रिस्टोफर रीव्ह, म्हणजे पुढचा सुपरमॅन, त्याचा जिवलग दोस्त झाला. १९७८ ला टीव्हीवर मॉर्क नावाचा परग्रहवासी बनून आला आणि अमेरिका वेडी झाली. मग सिनेमे. आपल्याकडे चाची ४२० बघून जे पोट धरून हसले त्यांना सांगायला हवं की ती कल्पना याच्या मिसेस डाउटफायरवरून आलेली, १९९३ चा सिनेमा, रोज काही तास मेकअपच्या खुर्चीत बसून हा म्हातारी व्हायचा. ऑस्कर मात्र गंभीर रोलला मिळालं, गुड विल हंटिंग, १९९८ ला.

त्याचा तो दोस्त रीव्ह १९९५ मध्ये घोड्यावरून पडला, मानेखाली शरीर गेलं, ऑपरेशनच्या आधी पलंगावर पडलेला असताना एक रशियन डॉक्टर पिवळा गाऊन घालून आत आला आणि अगम्य उच्चारात भलतीसलती तपासणी करायची आहे म्हणू लागला. रॉबिन होता तो. अपघातानंतर आपण पहिल्यांदा तेव्हा हसलो असं रीव्हने पुढे लिहून ठेवलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते तरी मी ती परत लिहिली, कारण माझ्यासाठी रॉबिन हाच. एखादा माणूस कुठल्या अवस्थेत पडलाय हे ओळखून त्याला नेमकं काय हवंय ते आणून देणारा.

आता त्याचे जुने त्रास. ते होतेच, नाकारायचं काही कारण नाही. सत्तरीच्या शेवटाला आणि ऐंशीच्या सुरुवातीला कोकेन घ्यायचा. मार्च १९८२ मध्ये जॉन बेलुशी हा नट ड्रग्जने गेला, त्याच रात्री हा थोडा वेळ त्याच्याकडे जाऊन आला होता. तो धक्का आणि घरात येऊ घातलेलं पहिलं बाळ, या दोन्हींमुळे कोकेन आणि दारू दोन्ही सुटली, ती वीस वर्षं सुटलेली राहिली. २००३ मध्ये अलास्कात शूटिंग चालू असताना परत प्यायला लागला, २००६ मध्ये स्वतः जाऊन व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झाला. दोन घटस्फोट. २००९ मध्ये हृदयाचं ऑपरेशन, झडप बदलली, गाईच्या ऊतीपासून केलेली बसवली.

पण हे सगळं तुम्हाआम्हाला कुठून कळलं? त्याच्याचकडून. ऑपरेशन झालं आणि त्याच वर्षी तो स्टेजवर उभा राहून हृदयावर बोलत होता, दारूवर बोलत होता, पुनर्वसन केंद्रावर बोलत होता, घामाने शर्ट भिजेपर्यंत. म्हणजे लपवणारा माणूस नव्हताच हा. जे दुखायचं ते आधी माइकसमोर आणायचा. हसण्यामागे लपलेलं दुःख म्हणतात ना, ते त्याच्या बाबतीत मला कुठे सापडत नाही, दुःख सगळं पुढेच मांडलेलं होतं. लपलेलं होतं ते वेगळंच काहीतरी आणि ते त्याच्यापासूनही लपलेलं होतं.

आता मुख्य प्रकरण. यातली बरीचशी माहिती त्याची तिसरी बायको सुझन श्नायडर विल्यम्स हिने सप्टेंबर २०१६ मध्ये न्यूरॉलॉजी या डॉक्टरांच्या जर्नलमध्ये लिहिलेल्या लेखातली आहे. ती चित्रकार, डॉक्टर नव्हे. तो लेख तिने मेंदूच्या डॉक्टरांना उद्देशून लिहिला, की माझ्या नवऱ्यासोबत काय झालं ते वाचा आणि पुढच्या पेशंटला उपयोग करा. 

दोघांचं लग्न ऑक्टोबर २०११ चं. २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये लग्नाचा दुसरा वाढदिवस करायला बाहेर असताना त्याच्या पोटात काहीतरी होऊ लागलं. त्याआधीपासून बारीकसारीक तक्रारी होत्याच, बद्धकोष्ठ, लघवीला त्रास, छातीत जळजळ, झोप नाही, वास नीट येत नाही, डावा हात मधूनच थोडा थरथरतो. हात थरथरण्याचं खापर खांद्याच्या जुन्या दुखापतीवर फुटलं. बाकीच्या तक्रारी साठीच्या कुठल्याही माणसाला असतात, कोण एकत्र जोडणार? पण त्या वीकेंडला पोटाच्या दुखण्यासोबत भीती आली आणि ती भीती प्रमाणाबाहेर होती, सुझनला तिथेच खटकलं. नवऱ्याला स्ट्रेस घेताना तिने पाहिलं होतं, हे तसं नव्हतं.

इथे थांबून एक सांगते. बद्धकोष्ठ, वास न येणं आणि झोपेत हातपाय झाडणं, या तीन गोष्टी पार्किन्सन्स आणि लुई बॉडी या दोन्ही भावंड आजारांत हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधी दिसू शकतात. आपण स्वप्न बघतो तेव्हा शरीर लुळं ठेवायची व्यवस्था मेंदूत असते, ती बिघडली की माणूस स्वप्नातली मारामारी खरीच करतो. आमचे मामा एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाल्यावर एकदोन वर्षांत झोपेत ओरडायला लागले, "चला पुढे सरका" म्हणून हात मारायचे, मामीच्या दंडावर काळंनिळं व्हायचं आणि आम्ही सगळे हसायचो, की ड्युटी सुटली पण सवय सुटली नाही. मामा स्वतःही हसायचे, नकला करून दाखवायचे स्वतःच्या. लग्नाच्या पंगतीत नकला करणारा माणूस तो, कोण काळजी करणार. त्या हसण्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

रॉबिनकडे परत. २०१३ चा हिवाळा आला तोवर संशय, भ्रम, एकाच विचाराभोवती तासन् तास फिरत राहणं, निद्रानाश, विसरणं, सगळं सुरू झालं. थेरपी चालू होती, डॉक्टर चालू होते, तपासण्या होत होत्या आणि जवळपास सगळ्या नॉर्मल येत होत्या, फक्त कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त. टीव्हीवरची त्याची नवी मालिका एका सीझननंतर मे २०१४ मध्ये बंद झाली आणि आजूबाजूच्यांना कारण आयतं मिळालं, करिअर उतरतंय म्हणून बिचारा खचलाय.

एप्रिल २०१४. व्हँकुव्हरमध्ये नाइट अ‍ॅट द म्युझियमच्या तिसऱ्या भागाचं शूटिंग. तिथे त्याला पॅनिक अटॅक आला. त्याला एक ओळ पाठ राहीना. एक ओळ! तीनच वर्षांपूर्वी याच माणसाने ब्रॉडवेवर पाच महिने नाटक केलं होतं, कधी कधी दिवसाला दोन प्रयोग, शेकडो वाक्यं आणि सुझन म्हणते एकही चूक नाही. ज्याला रंगभूमीचं थोडं जरी माहीत आहे त्याला कळेल ही केवढी मोठी खूण होती. पाठांतर हा नटाचा श्वास असतो, खचलेला नटसुद्धा वाक्यं म्हणतो, पडद्यामागे रडून परत एंट्री घेतो. दिग्दर्शक शॉन लेव्हीने नंतर सांगितलंय की रॉबिन त्याला रात्री दहाला फोन करायचा, मग दोनला, मग पहाटे चारला, की आजचं काम वापरण्यासारखं झालंय का. आणि त्याला म्हणायचा की काय चाललंय कळत नाही, मी मी राहिलो नाहीये. मेकअप करणाऱ्या बाईंनी त्याला सुचवलं की एखाद्या क्लबात जाऊन थोडं स्टँडअप कर, बरं वाटेल, तर तो रडत म्हणाला मला जमणार नाही, विनोदी कसं व्हायचं तेच मला आता येत नाही.

हे वाचताना मी फार वेळ थांबले होते. हा माणूस तेव्हा काही लपवत नव्हता, जेवढं दिसत होतं तेवढं सगळं सांगत होता आणि ऐकणारे चांगले लोक होते, प्रेमाचे लोक होते. पण सगळ्यांच्या डोक्यात एकच साचा, नट, व्यसनी, डिप्रेशन, वय, करिअर. जे सांगितलं ते त्या साच्यात जाऊन बसलं.

त्याच एप्रिलमध्ये त्याला अँटिसायकॉटिक, म्हणजे एरवी भासभ्रमावर देतात ती गोळी दिली गेली, पॅनिकसाठी. काही बाबतीत बरं वाटलं आणि काही बाबतीत फार बिघडलं. लुई बॉडीच्या पेशंटला या जातीची कित्येक औषधं बाधतात, काहींना अंग पार आखडण्यापर्यंत, काहींच्या जिवावर बेततं. पण देणाऱ्याला लुई बॉडीची शंकाच नसेल तर तो काय करणार? मी इथे डॉक्टरला दोष देत नाही, सुझनही देत नाही. पण तुमच्या घरी कुणाला पार्किन्सन्सची लक्षणं असतील आणि भास होत असतील, तर इमर्जन्सीत नेताना आधी तोंडाने सांगा की लुई बॉडीची शंका आहे, याच जातीचं हॅलोपेरिडॉल वगैरे देण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला विचारा. आम्ही मामांच्या फाइलवर लाल पेनने लिहून ठेवलं होतं. तरीही एकदा एका ठिकाणी रात्रपाळीला इंजेक्शन भरून तयार होतं, मामीने नर्सचा हात धरून थांबवलं.

२८ मे २०१४ ला निदान झालं, पार्किन्सन्स. सुझनला हायसं वाटलं, निदान नाव तरी मिळालं. रॉबिनला पटलं नाही. डॉक्टरांना त्याने तीन प्रश्न विचारले, मला अल्झायमर आहे का, डिमेन्शिया आहे का, स्किझोफ्रेनिया आहे का. तिन्हींना उत्तर नाही. आपल्या आत काय चाललंय याचा अंदाज त्याला सगळ्या रिपोर्टांपेक्षा जास्त होता. घरी म्हणायचा, मेंदू रीबूट करावासा वाटतो. दुसरा कुणी असता तर विसरला असता की आपण विसरतोय, याला दिसत होतं. 

लुई बॉडी म्हणजे काय ते जमेल तेवढं सोपं करून सांगते. मेंदूच्या पेशीत अल्फा सायन्यूक्लिन नावाचं प्रोटीन असतं, ते घडी चुकून गोळा होतं, गुठळ्या होतात, पेशी निकामी होऊन मरतात. फ्रेडरिक लुई या जर्मन डॉक्टरने १९१२ मध्ये त्या गुठळ्या पहिल्यांदा वर्णन केल्या, जपानच्या केंजी कोसाका यांनी १९७६ पासून दाखवून दिलं की त्या मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरल्या की डिमेन्शिया होतो. गुठळ्या कुठे आहेत त्यावर लक्षणं ठरतात. खाली मेंदूच्या देठाशी असतील तर थरथर, चाल बारीक, अंग ताठ. वर पसरल्या तर भास, संशय, लक्ष न लागणं, अंतराचा अंदाज चुकणं. आणि अल्झायमरमध्ये विसरणं हळूहळू वाढत जातं तसं इथे होत नाही, इथे चढउतार असतात, सकाळी माणूस तल्लख, पेपरवर चर्चा करेल, दुपारी त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही, संध्याकाळी परत ठीक. घरच्यांना वाटतं नाटकं करतोय. 

त्यात भर म्हणजे डॉक्टरसमोर गेलं की हे पेशंट अर्धा तास एकदम व्यवस्थित होतात. सांभाळणारे लोक याला शोटाइम म्हणतात, जगभर हाच शब्द आहे. मामा न्यूरॉलॉजिस्टच्या केबिनमध्ये खुर्चीत ताठ बसायचे, तारीख सांगायचे, वार सांगायचे, वर डॉक्टरांना एसटीतला किस्सा सांगून हसवायचे आणि रिक्षात बसल्यावर मला विचारायचे, आपण कुठे आलोय. आता विचार करा, ज्याचं सगळं आयुष्य समोर माणूस दिसला की पेटून उठण्यात गेलंय, ज्युलियार्डमध्ये शिकलेला, तीसपस्तीस वर्षं लाइव्ह उभा राहिलेला, त्याचा शोटाइम केवढा असेल. मला वाटतं निदान चुकण्यात याचा मोठा वाटा होता. अफाट बुद्धीचा माणूस पडझड झाकून नेतो, मुद्दाम नाही, मेंदू उरलेल्या वाटांनी काम काढत राहतो, आणि वाटा संपल्या की एकदम कोसळतो. बायकोनेही लेखात हेच म्हटलंय थोड्या वेगळ्या शब्दांत, की तो आयुष्यातला सगळ्यात अवघड रोल करत होता आणि किती झगडत होता हे मला कधीच पूर्ण कळणार नाही.

जून, जुलै. डाव्या हाताची थरथर आता सततची झालेली, चाल घासत, बोलताना हवा तो शब्द सापडेना म्हणून चिडचिड. कधी उभ्या जागी गोठून जायचा, हलताच यायचं नाही. रात्री हातपाय झाडायचा. अंतर आणि खोलीचा अंदाज जायला लागला. त्याच सुमारास मिनेसोटातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, पेपरांनी लगेच वास काढला, परत प्यायला लागला. नव्हता लागला. पोस्टमॉर्टेममध्ये दारू नाही, कुठलं बेकायदा ड्रग नाही, फक्त डॉक्टरांनी दिलेली औषधं तीही ठरलेल्या प्रमाणात. इतका तुटलेला असताना हा माणूस व्यसनापासून लांब राहिला, हे कुठे कुणी मोठ्या अक्षरात छापलं नाही. छापायला हवं होतं.

दहा ऑगस्ट, रविवार. सुझन लिहिते की तो वीकेंड चांगला गेला, शनिवारी दोघांनी आवडत्या गोष्टी केल्या, तिला वाटलं नवं औषध लागू पडतंय, बरा होतोय. त्याच रविवारी संध्याकाळी त्याने स्वतःची काही मनगटी घड्याळं एका मोज्यात भरली आणि जवळ राहणाऱ्या ओळखीच्या घरी नेऊन दिली, चोरीला जातील म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच दिवशीच्या. ज्याने हा आजार घरात बघितला नाही त्याला हे परस्परविरोधी वाटेल, ज्याने बघितलाय त्याला तो दिवस डोळ्यासमोर दिसेल. झोपताना दोघांचं ठरलेलं होतं, हा म्हणायचा गुडनाइट माय लव्ह आणि तिच्याकडून तेच परत ऐकायची वाट बघायचा. त्या रात्रीही म्हणाला. सोमवारी तो गेला. त्याबद्दल याहून जास्त लिहायची गरज नाही.

पुढे जे झालं तोही या प्रकरणाचाच भाग आहे. पहिल्या दिवशी त्याच्या प्रतिनिधीने सांगितलं की तो अलीकडे तीव्र डिप्रेशनशी झगडत होता, आणि ती बातमी जगभर झाली. तीन दिवसांनी सुझनने पार्किन्सन्सचं सांगितलं, तोवर लोकांनी मत बनवून टाकलं होतं. ऑस्करवाल्या अकादमीने त्या रात्री ट्वीट केलं, जिनी, तू मोकळा झालास, अशा अर्थाचं, लाखो लोकांनी ते पुढे ढकललं. आत्महत्या रोखण्याचं काम करणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं की हे भयंकर आहे, जो काठावर उभा आहे त्याला तुम्ही सांगताय की पलीकडे सुटका आहे. २०१८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला, ऑगस्ट ते डिसेंबर २०१४ या पाच महिन्यांत अमेरिकेत अपेक्षेपेक्षा १,८४१ आत्महत्या जास्त झाल्या, साधारण १० टक्के वाढ. फक्त या बातमीमुळे झाल्या असं ते म्हणत नाहीत, पण वाढ लगेच सुरू झाली. मी त्या दिवशी बसमधून पाठवलेलं वाक्य त्याच जातीचं होतं, गोड आणि दुःखाला देखणं करणारं.

ऑटोप्सीचा पूर्ण अर्थ लागायला तीन महिने गेले. नोव्हेंबरमध्ये कळलं, मेंदूभर पसरलेली लुई बॉडी. डोपामाइन, म्हणजे हालचाल सांभाळणारं रसायन, बनवणाऱ्या साधारण ४० टक्के पेशी गेलेल्या आणि सबंध मेंदूत, देठापर्यंत, लुई बॉडी नसलेली पेशी जवळजवळ नाहीच. चार डॉक्टरांनी रेकॉर्ड बघितले, सगळ्यांचं म्हणणं की इतकी वाईट केस क्वचित बघितली. पोस्टमॉर्टेमवाल्यांनी सुझनला विचारलं तुला धक्का बसला का, तर ती म्हणाली अजिबात नाही. त्या शब्दाचा अर्थही तिला तेव्हा माहीत नव्हता, पण नवऱ्याच्या मेंदूच्या जवळपास प्रत्येक भागात काहीतरी शिरलं होतं हे ऐकून तिला सगळं जुळलं. पुढे तिने एका मुलाखतीत सांगितलं की डिप्रेशन हे पन्नासेक लक्षणांतलं एक होतं आणि तेही छोटं.

मला लोक विचारतात, वेळेत कळलं असतं तर वाचला असता का. या आजारावर आजही बरं करणारं औषध नाही, हे खरंय. पण कळलं असतं तर ती अँटिसायकॉटिक गोळी टळली असती कदाचित, त्याच्या तीन प्रश्नांतल्या मधल्या प्रश्नाला खरं उत्तर मिळालं असतं आणि आपण वेडे होत नाही आहोत, एका प्रोटीनमुळे हे होतंय, एवढं तरी हातात आलं असतं. आमच्याकडे नाव कळल्यावर घर बदललं. मामी चिडायच्या बंद झाल्या. आम्ही पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाबद्दल वाचलं, तिथे माणसं हसतात, नाचतात, एकमेकांना सांगतात, हे बघून मामींना धीर आला. आजार तोच राहिला, पण भांडण संपलं.

मामांना एक मुलगा दिसायचा. सातआठ वर्षांचा, हाफपँटमधला, सोफ्याच्या कोपऱ्यात बसायचा, बोलायचा नाही. या आजारात असे भास फार ठसठशीत असतात, लहान मुलं, प्राणी, आणि बहुतेक वेळा माणसाला त्यांची भीती वाटत नाही. मी चहा आणला की मामा मोजायचे, तुझा, माझा, मामीचा, आणि म्हणायचे, "अगं, तो कधीचा बसलाय, त्याला नको का?" सुरुवातीला मामी म्हणायच्या कुणी नाहीये तिथे, मग वाद, मग मामांचं रडणं. नंतर डॉक्टरांनी सांगितलं वाद घालू नका, मग मामी गुपचूप चौथा कप ठेवायला लागल्या, अर्धा भरलेला. मामा शांत व्हायचे. 

मामा गेल्यावर वर्षभराने मी मामींना सुझनचा तो लेख मराठीत सांगत होते, वाचत आणि सांगत, असं दुपारभर चाललं होतं. त्यात एक जागा आहे. रॉबिनला या आजाराची चाळीसहून जास्त लक्षणं जवळपास सगळी झाली, फक्त एक सोडून, भास होतात असं तो कधीच म्हणाला नाही. तो गेल्यावर वर्षभराने रेकॉर्ड बघणाऱ्या एका डॉक्टरशी बोलताना सुझनच्या लक्षात आलं की भास त्याला बहुतेक होत असणार, त्याने ते स्वतःजवळच ठेवले.

मामींनी मला ते वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "म्हणजे दिसत होतं त्याला, आणि एकटाच बघत बसला होता? आमचे हे निदान चहा तरी मागायचे गं त्या पोरासाठी."